भिंतीकडे तोंड करून

मेल्बामावशीला पुरून नऊ दिवसही झाले नव्हते, तेव्हा एव्हेनोरकाकांच्या अंगणात जे झालं ते सांगायचंय. पण ते असं एकदम सांगून कळायचं नाही. आधीपासून सांगायला पायजे.

आमच्या सांता रुफिनाची बेसबॉलची टीम म्हणजे बगळे. तळ्याकाठचं गाव, म्हणून बगळे. बाजूच्या गावचे लोक चिडवायचे, बगळा निदान एका पायावर तरी उभा राहतो, तुमच्या टीमला तेवढंही जमत नाही. चिडवणारच ना. टीम हरायचीच तशी. आमच्या इथली पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी त्यांनी बगळ्यांना शेवटून दुसऱ्या नंबरच्या वर कधी बघितलं नव्हतं.

मावशी पाळण्यापासून त्या टीमची. तिचा बाप मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायचा आणि ही चुन्याची बादली घेऊन त्याच्या मागं. काका मूळचे इथले नव्हतेच. ते डोंगरातल्या कॉफीच्या गावचे, बूट-चपला दुरुस्त करायला इथं आले आणि राहिले. बेसबॉलशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मावशीला लग्नाचं विचारायला आले तर तिनं पहिला प्रश्न केला, "टीम कुठली तुझी?"

"कुठलीच नाही."

"मग रविवारी मैदानावर ये. तिथं टिकलास तर बघू."

त्या रविवारी बगळे चौदा-शून्यनं हरले. काका टिकले. पुढं कायम सांगायचे, "इतकं वाईट खेळता येतं हेच मला माहीत नव्हतं. पण हिच्या शेजारी बसायला मिळत होतं, मग काय, हरेनात का."

तर असं झालं. लग्न झालं. पोरबाळ झालं नाही त्यांना. रविवार म्हणजे मैदान. उन्हाच्या बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्या, मावशीच्या डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर केळीच्या पानात विगोरोन. युका, म्हणजे रताळ्यासारखा कंद, तिनं सकाळीच उकडलेली असायची, वर डुकराची कुरकुरीत कातडी आणि आंबट कोबी. शेजारच्या चार जणांना दिल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. आणि तोंड मात्र सारखं चालू. नोर्लान नावाचा पोरगा होता, नवाच पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पण बॉल कुठं जाईल ते त्याचं त्याला माहीत नसायचं. मावशी वरून ओरडायची, "नोर्लान, कोपर! कोपर वर घे रे, मेल्या! आई तुला जेवायला घालते की नाही?" अख्खा स्टँड हसायचा. नोर्लानही हसायचा. आणि कोपर वर घ्यायचा.

बँडवाले अर्ध्या मॅचनंतर वाद्यं गुंडाळायचे. एकटा चोम्बो तेवढा ढोल घेऊन बसायचा. चोम्बो खाटीक होता, काकांचा दोस्त. दहा रननी मागं असताना काका म्हणायचे, "चल ना म्हातारे, ऊन बघ किती."

"पोरं उभी आहेत ना उन्हात? मग? आपण उठून चाललो तर कसं दिसेल ते?"

मग बसायचे.

तर त्या वर्षी काय झालं, मावशीच्या बहिणीची तब्येत बिघडली मानाग्वाला, राजधानीत. मावशी तिकडं गेली, महिनाभर राहिली. आणि बगळे जिंकायला लागले. एक मॅच जिंकली, लोक म्हणले चुकून. दुसरी जिंकली. तिसरी. नोर्लानचा बॉल असा काही वळायला लागला की समोरचे नुसते हवेत बॅट फिरवायचे. काका फोनवर सांगायचे आणि मावशी तिकडं बहिणीच्या खाटेशी बसून रडायची आनंदानं.

परत आली त्या रविवारी नवा ड्रेस घालून मैदानावर गेली. बगळे अकरा-दोननं हरले.

चोम्बो ढोल खांद्याला लावत म्हणला, "डोन्या मेल्बा, तुम्ही मानाग्वालाच बऱ्या होता हो!"

सगळे हसले. मावशी सगळ्यात जास्त हसली.

पुढच्या मॅचला शेवटच्या डावात, सोप्पा झेल, आमच्या पोराच्या हातातून सुटला. ह्या वेळेला कोणी चेष्टा केली नाही. नुसतं मावशीनं विगोरोन पुढं केलं तर बाजूची बाई म्हणली, पोट भरलंय. आणि मागून कोणीतरी हळूच म्हणलं, "खारट."

आमच्याकडं पनवती माणसाला खारट म्हणतात. ज्याच्या नुसत्या बघण्यानं होत आलेलं काम नासतं, तो खारट. बेसबॉलवाल्यांना ह्याची फार भीती. इथले पिचर मैदानात जाताना चुन्याच्या रेघेवर पाय देत नाहीत. जिंकलेल्या दिवशीचे मोजे धूत नाहीत. काकांनी स्वतः त्या जिंकलेल्या महिन्यात दाढी केली नव्हती.

त्या रात्री जेवताना काका म्हणले, "गुडघा दुखतोय का तुझा?"

"नाही."

"पायऱ्या चढताना दुखत असेल."

मावशीनं चमचा खाली ठेवला. "एव्हेनोर, सरळ बोल."

काका ताटातल्या भातात चमचा फिरवत बसले. मग तीच म्हणली, "बरं. ह्या रविवारी नाही येत. बघू काय होतंय."

जिंकले. त्याच्या पुढचा पण जिंकले.

झालं. तिथून मावशी घरी बसली. आणि हे नीट ऐका, तिला कोणी कोंडून नव्हतं ठेवलं. तिलाही वाटायचं खरंच असेल तर? इतकी वर्षं आपण तिथं बसलो आणि इतकी वर्षं ही पोरं हरली, आपल्यामुळंच तर नाही? कोमाद्रे पास्तोराला, म्हणजे तिच्या मैत्रिणीला, तिनं हे विचारलं. पास्तोरा म्हणली, "वेडी आहेस का? बॉल त्यांच्या हातातून पडतो, तुझ्या नाही." पण मावशीच्या मनातून ते जाईना. रेडिओसुद्धा बंद ठेवायला लागली. मैदान घरापासून चार गल्ल्यांवर, आरडाओरडा ऐकू यायचा, म्हणून मॅचच्या वेळी धुणं घेऊन तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पास्तोराकडं जायची. विगोरोन मात्र करून द्यायची. काका तिथं चार जणांना वाटायचे. आता सगळे खायचे.

संध्याकाळी काका घरी आले की ही दारातच विचारायची, "सांग."

"जिंकलो."

"ते फटाक्यांवरून कळलं. सांग ना, कसं? दोन जण बेसवर असताना नोर्लाननं काय टाकलं? सरळ टाकला की वळवला?"

"टाकला... जोरात टाकला."

"जोरात म्हणजे? कोपर वर होतं का?"

"अगं तिथं एवढी गर्दी, कोपर कुठं बघत बसू!"

काकांना सांगताच यायचं नाही. त्यांना बेसबॉल जे काही कळायचं ते मावशी शेजारी बसून बोलायची म्हणून कळायचं. ती नसताना ते नुसते बघायचे. तीन तासाची मॅच काकांच्या तोंडून पाच मिनिटांत संपायची, आणि मावशी तेवढ्यावर आठवडा काढायची.

बगळे फायनलला पोचले. गाव वेडं झालं. भिंतीच्या भिंती रंगवल्या, कुत्र्यांच्या गळ्यात निळ्या फिती. ज्यांनी मैदान कधी बघितलं नव्हतं ते टोप्या घालून फिरायला लागले. फायनलची मालिका बरोबरीत आली आणि शेवटची मॅच आमच्याच मैदानावर, रविवारी दुपारी.

त्या सकाळी मावशीनं काकांचा शर्ट इस्त्री केला. काका निघाले, दाराला हात लावला, तेव्हा ती म्हणली, "एव्हेनोर, आजच्या दिवस येऊ का?"

काकांनी दाराची कडी काढली.

"वर नाही येणार. मागच्या गेटपाशी उभी राहीन, संडासाच्या तिकडं. मैदान दिसतच नाही तिथून. तरी भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. नुसता आवाज ऐकीन."

आता बघा. हे विचारताना ती पन्नाशी उलटलेली बाई होती. ज्या मैदानाच्या रेघा बापाबरोबर ओढल्या तिथं संडासाशेजारी उभं राहायची परवानगी मागत होती, आणि ज्याला तिनं हात धरून तिथं नेलं त्याच्याकडं मागत होती. काका आता हे रोज बोलतात. तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की हरलो तर अख्खं गाव माझ्या दारात येईल.

"आणि हरलो तर?" काका म्हणले. "हे सगळं नासलं तर? तुलाच चैन पडायची नाही, मेल्बा."

मावशीनं विचार केला. "हो," म्हणली. "ते पण आहे." आणि धुण्याची टोपली उचलली.

बगळे जिंकले. चार-तीन. मैदानात लोक घुसले, बँड वाजला, चोम्बोनं ढोल फाडला. काका नाचत नाचत पास्तोराच्या घरी गेले. शर्टाची बटणं तुटलेली, केसात रम. मावशी अंगणात ओले कपडे वाळत घालत होती. फटाके तिनं ऐकले होते. ती काकांच्या गळ्यात पडली, दोघं रडले. मग तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पिनोलीयोचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या सरबताचा, थंड पेला हातात दिला, समोर स्वतः उकिडवी बसली.

"आता सांग. हळूहळू सांग. शेवटचा आऊट कसा?"

काकांनी पेला तोंडाला लावला.

"एव्हेनोर?"

"मी डोळे मिटले होते," काका म्हणले. "भीती वाटली गं. माझ्या बघण्यानं काही व्हायला नको म्हणून मिटले."

"मिटले?" मावशी उठून उभी राहिली. "अरे तिकीट काढून डोळे मिटलेस? मी इथं धुणं बडवतेय आणि तू तिथं बसून डोळे मिटतोस? मग आपल्या घरातून बघितलं कोणी?"

पास्तोरा हसायला लागली, काका हसायला लागले, थोड्या वेळानं मावशीपण हसली. पण त्या संध्याकाळी ती गावातल्या मिरवणुकीत गेली नाही. दमले म्हणली.

पुढच्या वर्षी स्टँडमध्ये जागा मिळेना. सगळा नवा माणूस. आणि बगळे परत हरायला लागले. अगदी पहिल्यासारखे नाही, पण हरायला लागले. मावशी घरीच. एकदा पोळपाटावर तोर्तिया थापता थापता म्हणली, "मी तर इथं आहे. मग ह्या वेळी खारट कोण रे?"

"नोर्लानचा खांदा दुखतोय," काका म्हणले.

"हां. खांदा."

तेव्हाच काकांनी म्हणायला पायजे होतं, चल, ये रविवारी. एवढंच. त्यांच्या मनात आलं होतं, ते कबूल करतात. पण आता ये म्हणायचं म्हणजे मागच्या वर्षी उगाच बसवलं हे मान्य करायचं, फायनल तिला फुकट चुकवायला लावली हे मान्य करायचं. पुढच्या रविवारी म्हणू, त्याच्या पुढच्या रविवारी म्हणू. तीही विचारत नव्हती आता.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरनं सांगितलं ते फार उशिरा सांगितलं. ती वाळत गेली. एका सकाळी काका तिच्या खाटेवर बसले आणि म्हणले, "रविवारी जाऊ या आपण. मॅचला."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. म्हणली, "आता? आता त्या पायऱ्या कोण चढणार, एव्हेनोर?"

ती गेली.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेला रोज संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडायचो. कॉफी, मक्याच्या कडक रोस्किया, एका कोपऱ्यात पत्ते. सातव्या दिवशी नोर्लान आला. खांद्याला पट्टा, हातात टोपी. सगळे उठून उभे राहिले, आता तो मोठा माणूस झाला होता. तो सरळ काकांच्या शेजारी येऊन बसला.

"डॉन एव्हेनोर, एक विचारू? राग नका मानू."

"विचार पोरा."

"डोन्या मेल्बा यायच्या का बंद झाल्या? मी वर बघायचो. तुम्ही दिसायचात, त्या नाही. आम्हा पोरांना वाटायचं, काहीतरी चुकलं आमचं. हरत होतो तेव्हा एक रविवार चुकवला नाही बाईनं, आणि जिंकायला लागलो तर तोंड फिरवलं. काय केलं आम्ही?"

काकांनी कॉफीची किटली खाली ठेवली. आणि सगळं सांगितलं. मानाग्वा, अकरा-दोन, गुडघा, खारट, सगळं, चोम्बोसमोर, पास्तोरासमोर. काही लपवलं नाही. त्यांना वाटत होतं हा पोरगा तरी उठेल, काहीतरी बोलेल, आई-बहीण काढेल. गावात कोणी काढली नव्हती. जो तो पाठ थोपटायचा, तुम्ही गावासाठी केलंत म्हणायचा.

नोर्लाननं सगळं नीट ऐकून घेतलं. टोपी गुडघ्यावर फिरवली. मग म्हणला, "खरं सांगू का डॉन एव्हेनोर, मला विचारलं असतंत तर मीपण नकोच म्हणलो असतो. तेव्हा कोणी धोका घेतला असता?"

चोम्बोनं मान हलवली. "तेच ना. तेच मी म्हणतोय ह्यांना."

काकांचा चेहरा बघवत नव्हता. ते हळूच म्हणले, "फायनलला ती मागच्या गेटपाशी उभी राहते म्हणली होती. भिंतीकडे तोंड करून. बघत नाही म्हणली."

नोर्लान थांबला. मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघितल्यासारखं केलं त्यानं, अगदी प्रामाणिकपणे.

"भिंतीकडे तोंड करून?" म्हणला. "तेवढं चाललं असतं."

काका उठले, किटली उचलली आणि कॉफी आणतो म्हणून आत गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. शेवटी पास्तोरानंच जपमाळ हातात घेतली आणि बायकांनी प्रार्थना सुरू केली.