काळ्या झग्यातली राणी

महालक्ष्म्यांच्या दर्शनाला जाऊबाई मला जाफराबादेत ज्या घरी घेऊन गेल्या, तिथल्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महालक्ष्म्यांशेजारी बाईंचं काचेचं कपाट होतं आणि त्यात वीतभर उंचीच्या बाहुल्या. परदेशातल्या राण्यांच्या गाजलेल्या झग्यांची ही बटणापासून हुबेहूब नक्कल, असं बाई म्हणाल्या. एकीच्या लग्नाच्या झग्याचा मागचा घोळ इतका लांब होता, की त्याची चुंबळ करून पायाशी ठेवली होती.

बायका महालक्ष्म्यांना हळदकुंकू वाहत आणि त्याच हाताने राण्यांनाही लावत. बाईंची हरकत नव्हती. त्या स्वतः कुणाला लावत नव्हत्या, करंडा तेवढा हातात देत आणि सांगत, "झग्याला बोट नका लावू. कपाळ मोकळंच हाय."

कोपऱ्यातल्या काळ्या झग्यातल्या राणीला मात्र सगळ्यांनी वगळलं होतं. मीही तिच्यापाशी थबकले.

"नवरा गेल्यापासून मरेस्तोवर काळंच घातलं हिनं," बाई म्हणाल्या. "पण गादीवरून उठली न्हाई. लावा की."

मी लावलं. कुंकू बरोबर मधोमध आलंय का, ते बाईंनी वाकून पाहिलं आणि कपाट बंद केलं.

करंडा अजून माझ्याच हातात होता. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर न चढवता तशाच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कपाळ मोकळंच होतं.