नववा धडा

सिस्टर कुठलाही कागद मागच्या टोकाकडून वाचायच्या. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, काहीही हातात आलं की आधी उलटं करायचं, शेवटचं वाचायचं आणि मग चष्मा कपाळावर ढकलून विचारायचं, "कामाचं मांगं काऊन ठेवलं?"

फोनवरही तसंच. आपण 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून आवाज यायचा, "पोरीचा ताप उतरला का? पानी पाजून राह्यले ना? बरं." फोन बंद होता होता आठवण झाल्यासारखं, "मी सिस्टर बोलून राह्यली." नाव सगळ्यात शेवटी, आणि बरेचदा तेही राहून जायचं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याशी बोलताना आपण उगाच पाल्हाळ लावतो आहोत असं वाटत राहतं.

सेलू तालुक्यात उपकेंद्रांवर नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगत. उपकेंद्रात तातडीच्या औषधांचं एक कपाट होतं. त्याला नियमाप्रमाणे कुलूप आणि किल्ली साहेबांकडे. साहेब राहायला वर्ध्यात. एकदा एक बाळंतीण कपाटासमोर तळमळत असताना किल्ली यायला संध्याकाळ झाली. बाई वाचली, पण दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप कुणाला दिसलं नाही. चौकशी झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हरपलं, साहेब. कुलूप आन् किल्ली दोनी संगच हरपले." त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी त्याच कपाटाच्या तळाशी अंथरला आणि वर सलाईनच्या बाटल्या ठेवल्या.

आमच्या वर्ध्याच्या संस्थेनं प्रथमोपचाराचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचं ठरवलं तेव्हा सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. कुणीही, कुठूनही, मोबाईलवर, फुकट शिकावं अशी ती कल्पना. हजारो माणसं नाव नोंदवतील असा आमचा अंदाज होता आणि तो खराही ठरला. धड्यांची मांडणी माझ्याकडे होती. खेड्यातलं कळणारं कुणीतरी हवं म्हणून सिस्टरना सल्लागार नेमलं. सल्लागाराचा सल्ला ऐकायचा असतो हे मात्र आम्ही कागदावर लिहायचं विसरलो.

पहिल्या बैठकीत मी धड्यांची यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली. नववा धडा सर्पदंशाचा होता, दहावा बुडण्याचा, अकरावा विषबाधेचा, बारावा विजेच्या धक्क्याचा. सुरुवातीला मी प्रस्तावना, शरीररचना, स्वच्छता असं सगळं घेतलं होतं.

"कामाचं मांगं काऊन ठेवलं, सर?"

मी समजावलं की आधी शरीर कळलं पाहिजे, मग उपचार. शिवाय प्रत्येक धड्याला कुलूप होतं. आधीच्या धड्याची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. नाही तर लोक उड्या मारत शेवटी जातात, प्रमाणपत्र घेतात आणि शिकत काहीच नाहीत. त्यांना एकमेकांची उत्तरं उतरवता येऊ नयेत म्हणून दर खेपेला प्रश्न बदलायचीही मी सोय केली होती. या सोयीचा मला फार अभिमान होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

सिस्टर म्हणाल्या, "साप इचारून चावते का, कितव्या धड्यावर हाय म्हून?"

बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो. चहा आला आणि विषय पुढे गेला.

राग धरणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. हिंगणीकडच्या गावांतून हिंडून त्यांनी बचत गटाच्या वीसेक बाया गोळा केल्या, एकेकीच्या फोनमध्ये स्वतः नाव भरून दिलं. "शिका वं बायांनो. मी काय जल्मभर पुरतो का तुमाले?" म्हणायच्या. बाया त्यांच्या शब्दाखातर धडे उघडायच्या. बहुतेक जणी दुसऱ्या धड्याला अडायच्या. त्यात हाडांची संख्या, सांध्यांचे प्रकार असलं काय काय होतं. आम्ही याला 'गळती' म्हणायचो आणि गळतीचा एक तक्ता दर महिन्याला भिंतीवर दाखवायचो.

पावसाळा सरता सरता झालेल्या बैठकीत माझ्याकडे दाखवायला एक चांगली गोष्ट होती. सगळीकडे गळती चालू असताना एक बाई चिकाटीनं लढत होती. एका मंगळवारी दुपारी, सव्वादोन ते पावणेतीन, तिनं दुसऱ्या धड्याची परीक्षा अकरा वेळा दिली होती. अकरा वेळा नापास, तरी पुन्हा बसली. मी तिचं नाव आणि गाव वाचून दाखवलं आणि म्हणालो, "याला म्हणतात जिद्द. ही बाई आपल्या जाहिरातीत घ्यायला हवी." आमचे प्रमुख खूश झाले. कुणीतरी टाळीही वाजवली.

सिस्टरनी चष्मा काढला.

"कोन्ता मंगळवार म्हन्ता?"

मी तारीख सांगितली.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या मंगळवारी तिच्या नवऱ्याले साप चावला."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग त्या सावकाश सांगत गेल्या. निंदणाच्या वेळी वावरात पायाला चावला. लोकांनी उचलून घरी आणला, कुणी दोरी बांधली, कुणी ऑटो बोलावला. ऑटो दारात उभा राहिला. तेव्हा ही बाई सगळ्यांना म्हणाली, थांबा, माझ्या फोनमध्ये लिहिलेलं आहे काय करायचं ते, सिस्टरबाईंचा अभ्यास आहे. यादीत नववा धडा दिसत होता. तो दाबला की एकच वाक्य यायचं, 'कृपया आधीचा धडा पूर्ण करा.' म्हणून ती आधीचा धडा पूर्ण करत बसली. शिकलेली बाई, फोनवाली, म्हणून घरचेही थांबले. अर्ध्या तासानं तिच्या दिरानं फोन हिसकावून घेतला आणि ऑटो हलला. सेलूच्या अलीकडेच माणूस गेला.

"मी गेलती भेटाले," सिस्टर म्हणाल्या. "ते बाई एकच बोले, मी फोनमंदी बसली आन् मानूस गेला. मले वाटलं, दुखानं बडबडून राह्यली. आता समजलं."

ती पास झाली असती तरी पुढे आणखी सहा धड्यांची सहा कुलपं होती. हे माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. अजूनही कधी कधी दुपारी सव्वादोनला घड्याळाकडे लक्ष जातं आणि मला बसवत नाही.

प्रमुख म्हणाले, बदल समितीपुढे ठेवावा लागेल. सिस्टर उठून माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हे कुलूप कोनं लावलं?"

"मी."

"मंग काढा."

लॅपटॉपवर एका चौकोनातली बरोबरची खूण तेवढी काढून टाकायची होती. काढली. बैठकीतला चहा अजून गरम होता.

पुढच्या महिनाभरात आम्ही सगळंच उलटं केलं. जिवावरचे चारही धडे पुढे आणले, नाव न नोंदवता उघडतील असे केले. सर्पदंशाच्या धड्यात आधी संगीत, मग बोधचिन्ह, मग एका डॉक्टरांचं मनोगत होतं. ते काढून सिस्टरना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी एका दमात सांगितलं, "घाबरू नका. धावू नका. कापू नका, बांधू नका, मंतर माराले नेऊ नका. चावलेला पाय हालू देऊ नका आन् जिथं सापाचं इंजेक्शन हाय त्या मोठ्या दवाखान्यात सिद्दे न्या. आता न्या. माह्यं नाव मंग सांगीन." एवढं बोलून त्या कॅमेऱ्याला हातानंच 'चला' अशी खूण करून उठल्या. नाव सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग एक दिवस मला म्हणाल्या, "चला, तिच्या घरी जाऊ."

मी गेलो. मातीचं स्वच्छ घर, दारात तुळस, भिंतीवर नवऱ्याचा नवा फोटो. तिनं चहा केला. कप माझ्या हातात देताना खाली बघत म्हणाली, "सर, मले अभ्यास जमला नाई. दुसराच धडा नाई झाला माह्याच्यानं. झाला असता तं..."

तिला वाटत होतं, आपण नापास झालो म्हणून नवरा गेला.

सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. मला माहीत होतं काय सांगायचं ते. ताई, कुलूप मी लावलं होतं, तुमचं काही चुकलं नाही. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "तांत्रिक अडचणी असतात, ताई. आता आम्ही रचनेत बऱ्याच सुधारणा केल्या आहेत." आणि कशा केल्या ते फोन काढून दाखवू लागलो. ती बिचारी मान डोलवत राहिली.

परतीच्या बसमध्ये सिस्टरनी दोघांची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कामाचं मांगंच ठेवलं तुमी."

मी ठरवलं, पुन्हा जायचं. नीट बोलायचं. मग दिवाळी आली, मग नवीन अभ्यासक्रम आला. कामं काय, असतातच.

सिस्टरना पोटाचा आजार होता. जगाला आधी कामाचं सांगायला लावणाऱ्या बाईनं स्वतःचं दुखणं मात्र मागं ठेवलं होतं. कळलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. मी दवाखान्यात दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "गेलते का?" मी त्यांच्या उशीचा अभ्रा सारखा करत राहिलो.

त्या थंडीतच गेल्या. तेराव्याला त्यांच्या घरी मांडवात बरीच गर्दी होती. बाळंतपणं केलेल्या बाया, त्यांची मोठी झालेली मुलं. कोपऱ्यात ती बसली होती. मी सरळ तिच्यापुढे जाऊन बसलो आणि नमस्कारही न करता म्हणालो, "ताई, कुलूप मी लावलं होतं. सिस्टर नको म्हणत होत्या, तरी लावलं. तुमची काहीही चूक नव्हती."

तिनं मान वर केली.

"सिस्टरबाईनं तवाच सांगतलं मले," ती म्हणाली. "तुमी आलते ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकल्याच आल्या. म्हने, तुयी चूक नाई, कुलूप त्या सरनं लावलं. ते येतीन सांगाले. त्यायले जरा येळ लागते."

कुणीतरी आमच्या दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवून गेलं.

"मंग जवा भेटे तवा इचारे, आले का सर? मी दवाखान्यात गेलती पाह्याले, बोलनं बंदच झालं होतं त्यायचं. तरी हातानं इचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

तिनं पदर सावरला.

"काय सांगू? नाई आले म्हनलं."