आधी उतरायचं

मंगळवारी दुपारी माझी बायको शुभांगी वारली. चौदाव्या दिवशी सकाळी सहाला मी सुरतेच्या भेस्तानमधला आमचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास उघडला.

महिलांच्या बॅचला वंदना एकटीच आली. धुळ्याची मुलगी, लग्न होऊन इथे आलेली, शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत होती. प्रॅक्टिकल अठरा दिवसांवर होतं. त्यात हँडस्टँड होता, म्हणजे हातांवर उभं राहणं. पाच सेकंद, भिंतीशिवाय. नापास झाली तर घरचे पुन्हा फी भरणार नव्हते.

"मॅडम पाय धरायच्या, सर. आता कोण धरील?"

"कोणी नाही."

बायकांना आधार द्यायचं काम शुभांगीचं. मी लांबून सूचना द्यायचो.

वंदनाने किक मारली. पाय अर्ध्यावरून परत आले. दहा वेळा तेच.

"ताकद कमी पडते ना? पुशअप वाढवू?"

दोन वर्षं तिने साड्यांच्या फोल्डिंग खात्यात कापडाचे ताके उचलले होते. खांदे पक्के होते. तिला पडायची भीती होती.

माझा क्रम ठरलेला होता. मनगटं, खांदे, शरीराची सरळ रेष, मग बॅलन्स. उतरणं त्यात नव्हतंच, कारण उतरवायला शुभांगी होती. चूक माझी होती.

सहा दिवस मी बाकी सगळं बंद ठेवलं. भिंतीकडे तोंड करून पाय भिंतीवर चढवत न्यायचे, तोल पाठीच्या बाजूला जायला लागला की एक हात पुढे टाकायचा, कंबर वळवायची, पाय एकामागून एक बाजूला टेकवायचे. एवढंच.

"परीक्षा उभं राहायची, आणि तुम्ही पडायला शिकवताय?"

"पडायला नाही, उतरायला."

"घरी भिंतीवर पायांचे ठसे उठलेत. सासूबाई म्हणतात, लक्ष्मी कुठे चालली वर?"

"सांग त्यांना, येईल खाली."

सातव्या दिवशी पाय आपोआप पूर्ण वर गेले. उरलेले दिवस आम्ही सरळ रेषेला आणि बोटांनी जमीन दाबून तोल सावरायला दिले.

प्रॅक्टिकलला दोन प्रयत्न होते. पहिल्यात तिसऱ्या सेकंदाला तोल गेला. ती बाजूला उतरली, तळवे पुसले आणि पुन्हा वर गेली. परीक्षकांनी सहापर्यंत मोजलं.

वेळ थोडा असेल तर जे अडवतं ते आधी घ्यावं. दिसायला चांगलं ते नंतर.

आता त्या बॅचला नऊ जणी येतात. मी तीन पावलं लांब उभा राहतो.