मागच्या ॲक्सलमधली केळी

‘गाडी कधी खोटं बोलत नाही,’ असं आमच्या वर्कशॉपच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. त्या दाराची बिजागरी वंगणाविना किंचाळत असे.

मी तेव्हा फौजेत नाईक होतो, व्हेइकल मेकॅनिक. आमची तुकडी दुष्काळात पाणी वाटायला मुरूडला लागली होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, विहिरी जुन्या आणि कोरड्या. रोज वन-टन पिकअपवरची टाकी भरायची आणि वस्त्यांवर रिकामी करायची. ड्रायव्हर रहीम, देगलूरचा. भरतीआधी नांदेडला गॅरेजात होता.

एका सकाळी तो म्हणाला, “उस्ताद, मागून लई बोंबलून राहिलीय.”

मी शेजारी बसून चक्कर मारली. वळणावर आवाज बदलत नव्हता, म्हणजे चाकांची बेअरिंगं ठीक. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज कमी, सोडला की रडणं सुरू. मागच्या ॲक्सलच्या मधल्या दातेरी पेटीत, डिफरन्शियलमध्ये, पिनियनचं बेअरिंग गेलं होतं. नवं यायला वेळ लागणार होता. मी गाडी ऑफ-रोड, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत उभी, करायला सांगितली.

“उद्या हिला झेंडी दाखवायला पाहुणे येतायत,” सुभेदारसाहेब म्हणाले.

“साहेब, ती ओरडते.”

“मग ओरडणं बंद करा. दुखणं नंतर बघू.”

“केळं घालतो की,” मागून रहीम म्हणाला. जुनी गाडी विकताना डिफरन्शियलमध्ये केळी आणि भुसा कोंबून आवाज मारायचा, हा त्याच्या गॅरेजातला किस्सा आम्हाला पाठ होता. मी हसलो. त्यानं चेष्टा केली नव्हती.

गाडीला रंग द्यायचा म्हणून त्या दिवशी शेवटच्या वस्तीवर पाणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फीत कापली, भाषणं दुपारपर्यंत चालली, आणि गाडी मांजरीसारखी निघाली. पाहुणे म्हणाले, “याला म्हणतात शिस्त.”

त्याच शेवटच्या वस्तीच्या अलीकडच्या चढावर मागचा ॲक्सल जाम झाला. रेडिओवर वस्तीवरचा आमचा जवान बोलला.

“पाणी कुठाय? ओव्हर.”

“वाटेत. गाडी बंद. ओव्हर.”

“इथं एक बाई चक्कर येऊन पडलीय. रांजण कोरडे आहेत. ओव्हर.”

मी मागचं झाकण उघडलं. जळक्या शिऱ्याचा वास आला. रहीम खाली बघत होता.

“आवाज तर गेलता ना, उस्ताद.”

“पाना दे.”

मागचे दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून काढले, त्या ॲक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवला. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह होती, आता फक्त पुढची चाकं ओढणार होती. मागच्या चाकांच्या हबची उघडी तोंडं समारंभाच्या फितीनं बांधली. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, आम्ही वस्तीवर पोचलो. त्या बाईला पाणी पाजलं, ती उठून बसली. तिची सासू म्हणाली, “सरली का बापा भाषणं?”

बेअरिंग आल्यावर आम्ही केळी धुऊन काढली. क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांचे दात एकमेकांत बरोबर बसतात का ते बघायला दातांना शेंदूर लावून ठसा घेतात. रहीम मारुतीच्या देवळात शेंदूर मागायला गेला.

“देवाला पुरत न्हाई अन् तुझ्या गाडीला देऊ?” पुजारी म्हणाला.

“महाराज, दोघंबी वझंच उचलत्यात.”

शेंदूर मिळाला. ठसा दातांच्या मधोमध आला. गाडी गप्प झाली, या वेळी खरोखर.

नंतर सीमेवरच्या डोंगरातल्या एका चौकीवर पाणी पोचवताना रहीम गोळाबारीत गेला. त्याची गाडी माझ्याकडे आली. मागच्या ॲक्सलमध्ये तेल बरोबर पातळीला होतं, स्वच्छ.

पुष्कळ वर्षांनी देगलूरला एका चौकाला त्याचं नाव दिलं. पाहुण्यांची जीप मागून रडतच आली. मी ड्रायव्हरला सांगितलं, पिनियनचं बेअरिंग बघा.

“हाव काका, पण टेप मोठा केला की ऐकू येत न्हाई.”

भाषणात रहीमला वाघ म्हटलं गेलं. तो कुत्र्यांना घाबरायचा. मग सगळे उभे राहिले आणि चौक दोन मिनिटं शांत होता.

पाहुणे परत एस.टी.नं गेले.