हातचं आणा

गुणवंत रणभिसे वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची घडी मूळची होती तशीच घालतो, जणू संध्याकाळी पेपरवाला ते परत न्यायला येणार आहे. वाघोडियाला पंपांच्या एका कारखान्यात तो वर्षानुवर्षं स्टोअरकीपर होता. तिथे म्हणे एकेका नटाला स्वतःचा खण होता, आणि खणाबाहेर सापडलेल्या नटाकडे गुणवंत असा बघायचा, जसं आम्ही शिक्षक तास चालू असताना व्हरांड्यात फिरणाऱ्या मुलाकडे बघतो.

पाणीगेटच्या पुढे आमचं लहानसं मराठी चर्च आहे. बडोद्यातले बहुतेक ख्रिस्ती गुजराती बोलणारे. आमची मराठी घरं थोडी, त्यामुळे कोण कुठल्या बाकावर बसतं, कोणाची चप्पल करकरते, सगळं सगळ्यांना ठाऊक. चर्चची किल्ली गुणवंतकडे. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो पंख्यांची धूळ पुसायचा, बाकं सरळ रेषेत लावायचा आणि पाळकसाहेबांचा प्रवचनाचा स्टँड किंचित डावीकडे सरकवायचा. पाळकसाहेब आले की तो उजवीकडे सरकवत. या विषयावर दोघांचं कधी बोलणं झालं नाही.

त्याची बायको निरुपमा अगदी उलट. ती आमची रविवारची शाळा चालवते. तिच्या पर्समध्ये कात्री, घोटीव कागद आणि झाकण सैल झालेली डिंकाची बाटली कायम असते. बायबलातली गोष्ट मुलांनी नुसती ऐकली तर विसरतात, हातांनी केली तर ती त्यांच्यात राहते, असं तिचं मत आहे. नोहाचं तारू तिने एकदा मुलांकडून दुधी भोपळ्याचं करून घेतलं होतं. त्यातले जिराफ भेंडीचे होते. घरी आल्यावर पर्सचा डिंक ओल्या फडक्याने पुसण्याचं काम गुणवंतचं, आणि ते तो मन लावून करायचा.

दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाचा सण असतो. लोकांकडे शेतं होती तेव्हाची ही चाल. पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवायचं, देवाचे उपकार मानायचे आणि मग त्या सगळ्याचा चर्चसाठी लिलाव करायचा. पुढे शेतं गेली, चाल राहिली. आम्ही आदल्या दिवशी खंडेराव मार्केटातून भाजी आणायचो, वेदीपुढे ठेवायचो आणि लिलावात चढ्या भावाने आपलीच भाजी घरी न्यायचो. गुणवंत दरवर्षी सुरण आणायचा. मार्केटातले सगळे सुरण उलटेसुलटे करून, ठेवल्यावर गडगडणार नाही असा एक निवडायचा. वेदीपुढच्या ढिगात सगळ्यात शिस्तीत बसलेली वस्तू म्हणजे गुणवंतचा सुरण.

शहाण्णव साली मंडळीच्या सभेत निरुपमा उभी राहिली.

"आपल्यापैकी कोणाचं शेत उरलंय?" तिने विचारलं. "पीक भाजीवाल्याचं आणि आभार आपले. देवाने मातीत हात घालून माणूस घडवला. हात आपल्यालाही त्यानेच दिलेत. या वर्षी ज्याने त्याने हातचं आणा. स्वतः केलेलं, काहीही."

पाळकसाहेबांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच प्रार्थना करून ठराव पक्का केला. आमच्याकडे प्रार्थना झाली की ठरावाला हरकत घेता येत नाही.

आणि खरंच, त्या वर्षी चर्च उजळून निघालं. चिमणाबाईंनी जुन्या साड्यांची गोधडी आणली. एका वेल्डरने तारेचं कोकरू आणलं. फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या मालविकाने बायबलातल्या शोमरोनी बाईची विहीर रंगवली होती, तिच्या काठावर मांडवीतल्या भांड्यांच्या दुकानातली कळशी. एका गृहस्थांनी घरी केलेला म्हणून लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा बटाट्याचा ओला चिवडा, आणला. तो कुठल्या दुकानातला ते वासावरून सगळ्यांनी ओळखलं, पण सण असल्यामुळे कोणी बोललं नाही. लिलावात मात्र तो त्यांनाच घ्यायला लावला.

गुणवंतचा समज असा होता, की हे सगळं बायकांसाठी आणि मुलांसाठी आहे. तो नेहमीप्रमाणे पिशवीत सुरण घेऊन आला. वेदीपुढे जाणाऱ्यांच्या हातांत काय काय आहे ते त्याने पाहिलं आणि पायाने पिशवी हळूच बाकाखाली सरकवली. त्याच्या बाकाची पाळी आली तेव्हा तो उठला नाही. वेदीजवळ वस्तू मांडून घेणाऱ्या निरुपमाने ते पाहिलं. पुढचे काही दिवस त्यांच्या घरी सुरणाचीच भाजी होती. कोणाचा घसा किती खवखवला ते दोघांनाच ठाऊक.

निरुपमाने मला हे नंतर सांगितलं. तिने त्याला म्हटलं होतं, की पुढच्या वर्षी तुम्ही आपला सुरणच आणा, मी पाळकसाहेबांना सांगते. त्यावर तो म्हणाला, नियम तुझा आहे, तो मोडायला आपल्याच घरापासून सुरुवात नको. मग तिने सुचवलं की मी काहीतरी शिवते, तुम्ही ते तुमचं म्हणून ठेवा. यावर गुणवंतने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने विषय सोडून कणीक मळायला घेतली. नियम मागे घ्यावा तर सगळी मंडळी हौसेने कामाला लागलेली. चिमणाबाईंनी पुढची गोधडी सुरूही केली होती. आपण देवाकडे जायला एक दार उघडलं आणि नेमका आपलाच नवरा बाहेर राहिला, हे निरुपमाला डाचत होतं. गुणवंत वरून काही दाखवत नव्हता. पण पन्नाशीचा माणूस, लहानपणापासून दर सणाला वेदीपर्यंत गेलेला. बसून राहणं त्याला सोपं गेलं नव्हतं.

तेव्हा त्याने शिकायचं ठरवलं.

आधी तो चिमणाबाईंकडे गेला. त्यांनी सुई ओवून दिली. गुणवंतने खिशातून फूटपट्टी काढली, कापडावर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि रेघेवर रेघ, टाक्याशेजारी टाका असा शिवू लागला. पावसाळा संपत आला तरी गोधडी रुमालाएवढीच झाली होती. चिमणाबाई म्हणाल्या, "गुणवंत, तू गोधडी शिवतोस की सातबाऱ्याची मोजणी करतोस? अरे, थंडी कोणासाठी थांबते का?" तरी त्यांनी त्याला घालवलं नाही. तो आला की त्यांना बोलायला माणूस मिळत असे, आणि त्या भरात त्यांची स्वतःची गोधडी भराभर पुढे सरकत असे.

मग मालविका. तिने त्याला कोकरू काढायला सांगितलं. त्याने काढलेलं तिने कितीतरी वेळ पाहिलं आणि अगदी नम्रपणे गुजरातीत विचारलं, "काका, आ शूं छे?" म्हणजे हे काय आहे? त्याने कोकरू म्हटल्यावर ती घाईघाईने म्हणाली की हो, हो, कान दिसतायत. ते कान नव्हते, कुंपण होतं. चित्रकला तिथेच थांबली.

शेवटी तो सुभानरावांकडे पोचला. सुभानराव घाटगे तेव्हा ऐंशीच्या घरात. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आणि पलटण कधीच विसर्जित झाली हे सुभानरावांना कोणी अजून कळवलेलं नसावं, असं त्यांचं बोलणं. एके काळी आमच्या भजनांना ढोलकी त्यांचीच असे. मग तरुण मुलांनी वर्गणी काढून कीबोर्ड आणला. त्यात एक बटण दाबलं की ढोलकीसुद्धा वाजे. ती ऐकून सुभानरावांची बोटं एकाएकी संधिवाताने धरली आणि ढोलकी खुंटीला लागली. हा संधिवात घरी पत्ते पिसताना नसायचा.

गुणवंतने ढोलकी शिकवा म्हटल्यावर त्यांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. या हातांनी माल मोजावा, ढोलकी नको, असा निकाल देऊन त्यांनी त्याच्यापुढे झांजा टाकल्या. त्या वाजवायच्या तर समोर ठेका पाहिजे, म्हणून खुंटीवरची ढोलकी खाली उतरवावी लागली. केवळ गुणवंतला दाखवण्यापुरती, असं ते शेजारच्यांना दोन-तीनदा सांगून आले.

गुणवंतची अडचण एकच होती. झांज कुठे मारायची ते त्याला कळायचं. पण ती जागा आली की तो आधी खात्री करून घ्यायचा आणि मगच मारायचा. तोवर ठेका पुढे गेलेला असे.

"अरे गुणवंता," सुभानराव ओरडायचे, "हे तुझं गोदाम नव्हे. माल आला का बघ, मग पावती फाड, असं इथे चालत नाही."

"काका, चुकीच्या जागी वाजली तर?"

"आत्ता बरोबर जागी वाजते का?"

रोज संध्याकाळी वाघोडियाच्या कंपनीच्या बसमधून उतरून तो सरळ तिथे जायचा. ओरडा खायचा, चहा प्यायचा, घरी यायचा. निरुपमा विचारायची, जमलं का? तो म्हणायचा, काकांची बोटं आता छान चालतात.

सत्त्याण्णवचा सण आला. आदल्या दिवशी निरुपमाने त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. झांजा नेणार ना, असं तिने विचारलं. त्याने नाही म्हटलं.

"वाजवता येतं असं दाखवणं खोटं होईल, निरू. खोटं घेऊन देवापुढे जायचं नाही. मी बसेन, काही बिघडत नाही."

"मग मीपण बसते," निरुपमा म्हणाली.

त्याने तिला समजावलं, की रविवारच्या शाळेच्या बाई बसून राहिल्या तर मुलांना काय वाटेल. तिने ऐकलं नाही. इस्त्री बंद करून ती झोपायला गेली.

सकाळी चर्च भरलं. वेदीपुढे गोधडी आली, लाकडी फुलदाणी आली, लोणच्याच्या बरण्या आल्या. चिवड्यावाल्यांनी या वेळी खरोखरच घरी केलेल्या चकल्या आणल्या, त्या दगडासारख्या होत्या आणि सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मालविका कीबोर्डवर हंगामाचं जुनं गीत वाजवत होती. रणभिस्यांच्या बाकाची पाळी आली. बाकीचे उठले. गुणवंत समोर बघत बसून राहिला, आणि त्याच्या शेजारी, भरतकाम केलेला वेदीचा रुमाल मांडीवर घेऊन, निरुपमा. मुलांनी वळून पाहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मागच्या दारातून सुभानराव येत होते. ढोलकी गळ्यात, काठी हातात, चाल पलटणीची. गुणवंतच्या बाकाशी ते थांबले.

"ऊठ."

"काका, मी आणल्या नाहीत."

सुभानरावांनी कोटाच्या दोन्ही खिशांतून एकेक झांज काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"काका, मी चुकतो."

"ते मला सांगतोस? तू चुकतोस म्हणून तर मी रोज वाजवतो. एकटा पुढे गेलो तर ओरडू कोणावर?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "चल रे. देवाला काय माहीत नाही तू कसा वाजवतोस?"

गुणवंत उठला. निरुपमा उठली. तिघं वेदीपुढे गेले. सुभानराव खुर्चीवर बसले आणि गीत पहिल्यापासून सुरू झालं. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीच्या शेवटी झांज पाहिजे होती. गुणवंत थांबला, खात्री करू लागला. कीबोर्डमधली बटणाची ढोलकी पुढे निघून गेली, तिला थांबता येत नव्हतं. सुभानरावांनी डोळे वटारले, मग एक जादा थाप घालून ठेका तिथेच घोळवत ठेवला. मालविकाने बटण बंद केलं. सगळी मंडळी तोंड उघडून, श्वास धरून उभी राहिली, आणि मग झांज वाजली. चौथी ओळ आम्ही इतक्या जोरात म्हटली, की बाहेर रिक्षा थांबल्या. प्रत्येक कडव्याला तसंच झालं. दुसऱ्या कडव्यापासून आम्ही आपणहून थांबायला लागलो.

तेव्हापासून हंगामाचं गीत आमच्याकडे तसंच म्हणतात. तिसऱ्या ओळीला सगळे थांबतात. नगरहून एकदा पाहुणी मंडळी आली होती, ती बिचारी आमच्या आधीच चौथ्या ओळीत जाऊन पडली. आमच्या मुलांना वाटलं त्यांना येत नाही.

गुणवंत दरवर्षी झांजा घेऊन पुढे जाऊ लागला आणि वर्षभर सुभानरावांकडे सराव करत राहिला. चार-पाच वर्षं झाली असतील. एका सणाला तिसरी ओळ संपली आणि झांज वाजली, अगदी जागेवर, केसाचाही फरक नाही. पण ती एकटीच वाजली. अख्खी मंडळी सवयीने थांबलेली, चौथी ओळ कोणी उचललीच नाही. चर्चमध्ये तो एवढाच आवाज घुमला. गुणवंतचा चेहरा पडला.

सुभानराव तेव्हा पुष्कळ थकले होते. त्यांनी ढोलकीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आता चुकलास," ते म्हणाले.

पुढच्या कडव्याला गुणवंत तिसऱ्या ओळीशी आला. त्याने निरुपमाकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि झांजा हातात धरून थांबला.