कर्ण्याची घणघण

नगरच्या सावेडीत आमच्या ओळीतल्या प्रत्येक बंगल्याच्या हॉलमध्ये दाखवण्यासारखं काहीतरी आहे. कुणाकडे माशांची पेटी, कुणाकडे भिंतभर टीव्ही, कुणाकडे परदेशातल्या नातवंडांचे फोटो. आमच्याकडे लाऊडस्पीकरचा कर्णा आहे. देवळाच्या शिखराला नाहीतर टेम्पोच्या टपावर बांधलेला असतो तोच, रुंद तोंडाचा, राखाडी रंगाचे पोपडे उडालेला. तो स्टुलावर असतो आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या बरोबर तोंडावर रोखलेला असतो. पाहुणे चहा लवकर संपवतात, तेवढा एक फायदा आहे.

कर्णा सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. नेवाशाकडच्या आमच्या गावात त्यांची लाऊडस्पीकर सर्व्हिस होती आणि माईकवर बोलायचेही तेच. पुढे डीजे आले, धंदा बसला आणि बाकीचे कर्णे भंगारात गेले. हा एक मात्र सासूबाईंनी कणगीमागे दडवून ठेवला होता. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा सोबत कपड्यांची एक पिशवी होती आणि हा. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तशी त्या कर्ण्याची करतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग त्याच्या काठावर तळवा ठेवून डोळे मिटून उभ्या राहतात. तो नमस्कार आहे, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

सासऱ्यांची म्हणून दुसरी एकच वस्तू उरली आहे, आमच्या लग्नाची कॅसेट. आमचे फोटो धुरकट आले, आवाज मात्र झकास आला. पोटच्या मुलाचं लग्न असूनही सासऱ्यांनी माईक दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. “दुसरी पंगत बसत आहे, वाढप्यांनी इकडे लक्ष द्यावे.” “नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मांडवात यावे.” माझे मामा तीनदा पुकारल्यावर आले, तेही त्यात आहे. मग भटजी विचारतात, नवरदेवाचे वडील कुठे आहेत? आणि सासरे सवयीने माईकवर पुकारतात, “नवरदेवाचे वडील जिथे कुठे असतील तिथून त्यांनी ताबडतोब मांडवात यावे, भटजी खोळंबले आहेत!” मांडव हसतो. मग त्यांच्याही लक्षात येतं. माईक खाली ठेवल्याचा खट्ट आवाज होतो आणि ते जातात. त्यापुढे कॅसेट संपेपर्यंत नुसती खरखर आहे.

नवऱ्याने ही कॅसेट मोबाईलवर घेतली आणि दर रविवारी दुपारी जेवणानंतर तो ती कर्ण्यावर लावू लागला. सासूबाईंचे कान कधीच गेलेत. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र, चिलट शिरल्यासारखं वाटतं म्हणून, त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवून दिलंय. तरी रविवारी त्या कर्ण्याशेजारी खुर्ची ओढून बसायच्या, काठावर हात ठेवायच्या आणि मांडव हसायच्या ठिकाणी हसायच्या.

“आई, ऐकू येतं का?” नवरा ओरडून विचारायचा.

“येतं की,” त्या म्हणायच्या.

त्याचा विश्वास बसायचा नाही. माझाही नव्हता, कारण चहा हवा का विचारलं तरी त्या “येतं की” म्हणतात. आम्हाला वाटायचं, कॅसेट तोंडपाठ आहे, अंदाजाने हसत असतील.

“एकदा तरी तिला आबांचा आवाज नीट ऐकू यायला पाहिजे,” एका रविवारी तो मला म्हणाला. “तिचे आता किती दिवस राहिलेत?” हे इतकं सरळ बोलला की मला टोमणा सुचला नाही. तिथेच सुचायला हवा होता.

नवरा नुकताच रिटायर झालेला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात, याला कर्णा मिळाला. आधीच उल्हास, त्यात मोबाईलवरचा एक ग्रुप मिळाला. जुने कर्णे जमवणारे पुरुष त्यात दिवसभर एकमेकांना सल्ले देतात. घरी त्यांचं कुणी ऐकत नसावं. ग्रुपने निदान केलं की कर्णा घणघणतो. आवाज निघाला की कर्ण्याचा पत्राही सोबत थरथरतो, स्वतःचा सूर लावतो, आणि मग मूळ आवाज गढूळ होतो. रोगाचं नाव रेझोनन्स. उपाय एकच, पत्र्याची थरथर मारायची.

रोग तपासायची पद्धतही ग्रुपनेच शिकवली. चमच्याने ठोकायचं. टण्ण वाजलं तर वाईट, ठप्प वाजलं तर उत्तम. आम्ही बायका आयुष्यभर माठ घेताना याच्या बरोबर उलटं करत आलो, पण आमचा ग्रुप नाही. नवऱ्याने कर्णा ठोकला, मग सवय लागली म्हणून माझी परात ठोकली, पिंप ठोकलं, गॅसची टाकी ठोकली. घरात एकही वस्तू ठप्प वाजत नाही म्हणून तो दोन दिवस नाराज होता.

मग मे महिन्याच्या उन्हात औषधपाणी सुरू झालं. गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी आणून कर्ण्याला बाहेरून गुंडाळली. ती नीट चिकटावी म्हणून माझ्या उलथण्याने घोटली. डांबराचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि महापालिकेने रस्ता करायला घेतला, या आनंदात दोन शेजारी बाहेर येऊन बघून गेले. काठाला सायकलची ट्यूब कापून ताणून बसवली. मागे जिथे आवाजाचं युनिट आवळतात, तिथे गोधडीची गोल चकती. गोधडी माझ्या आईने शिवलेली होती, पण शास्त्रापुढे माहेर ते काय!

काम झाल्यावर ग्रुपमधले एक जाणकार पुण्याहून मुद्दाम आले. त्यांनी कर्णा ठोकला. ठप्प. दोघांच्या चेहऱ्यावर मुलगा पास झाल्याचा आनंद. मग कॅसेट लावली. जाणकार डोळे मिटून सोफ्यावर बसले, दोन वाट्या शिरा झाला आणि ते गंभीरपणे म्हणाले, “स्वच्छ झालाय. फक्त मधल्या पट्टीत अजून थोडा नाकात बोलतो.”

“ते सासरेच नाकात बोलायचे,” मी म्हणाले. “त्याला काय लावायचं?”

खरं सांगायचं तर आवाज सुरेख झाला होता. सासरे हॉलमध्ये उभे राहून बोलत आहेत असं वाटलं. मामांना तिसऱ्यांदा पुकारतानाचा त्यांचा वैतागसुद्धा मला पहिल्यांदा नीट कळला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे काठावर हात ठेवला आणि लगेच उचलून बघितला.

“ह्याला मफलर कशापायी घातला?”

“तू ऐक तर, आई,” नवरा म्हणाला आणि कॅसेट सुरू केली.

पंगत बसली. मामा आले. नवरदेवाच्या वडिलांना पुकारलं, मांडव हसला, खट्ट झालं. सासूबाई शांत बसून होत्या. खरखर सुरू झाली तेव्हा त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “लाव की आता.”

“आई, लावलं होतं. झालं सगळं.”

“न्हाई.” त्यांनी हात सरकवत सगळ्या काठावरून फिरवला. “गार पडलाय ह्यो.”

त्याने आवाज वाढवून पुन्हा लावलं. पलीकडच्या बंगल्यातून फोन आला. सासूबाईंनी दोन्ही तळवे कर्ण्यावर दाबून धरले, डांबराने काळे करून घेतले आणि मग उठल्या. “ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “गेले म्हनायचं आता.”

त्यानंतरच्या रविवारी त्या खुर्चीकडे आल्याच नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, ही म्हण माझ्या जिभेवर होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून ती मला गिळावी लागली. कान पार गेले तिचे, आपल्याला उशीर झाला, असं तो म्हणत राहिला. मलाही तेच वाटलं आणि फार वाईट वाटलं. ज्या बाईशी मी भाकरीच्या जाडीवरूनसुद्धा वाद घातले, तिचं भिंतीकडे तोंड करून पडणं मला बघवेना.

उलगडा शेंगदाण्याच्या चटणीने केला. मी मिक्सर लावला होता. सासूबाई ओट्याला हात टेकून खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या, मिक्सरकडे पाठ करून. मध्येच म्हणाल्या, “बास कर, पीठ व्हईल.” मी झाकण काढलं. चटणी अगदी बेताची झाली होती.

मी मिक्सर पुन्हा सुरू केला आणि त्यांचा हात हळूच ओट्यावरून उचलला. “आता चालू आहे का, आई?” मी त्यांच्या कानाशी ओरडले.

“मला काय ठाव?” त्या म्हणाल्या. “हात तर धरून ठिवलाय तू.”

मी तशीच चटणीच्या हाताने हॉलमध्ये गेले. नवरा ग्रुपवर कर्ण्याचा फोटो टाकत होता. “अहो, तो नमस्कार नव्हता,” मी म्हणाले. “त्या हाताने ऐकत होत्या. तुम्ही थरथर मारलीत, तीच त्यांना ऐकू येत होती.”

पहिल्यांदा तो मला रेझोनन्स हा दोष कसा आहे ते समजावू लागला. मग मध्येच थांबला. मोबाईल बाजूला ठेवून आईसमोर जाऊन बसला आणि ओरडून म्हणाला, “तू सांगितलं का नाहीस गं कधी?”

“सांगितलं की,” त्या म्हणाल्या. “तू दर येळंला इचारायचा, ऐकू येतं का. मी म्हनायची, येतं की.”

नवरा उठला आणि माझं उलथणं घेऊन आला.

डांबरी पट्टी लावायला जेवढा वेळ लागला, त्याच्या तिप्पट काढायला लागला. रॉकेल कुठे मिळेना, शेवटी खोबरेल तेलाने आणि माझ्या त्याच उलथण्याने ती निघाली. उलथणं गेलं. ट्यूब कापली, गोधडीची चकती काढून मी धुऊन ठेवली. नवऱ्याने शेवटी चमच्याने ठोकून बघितलं. टण्ण वाजलं. ग्रुपवर त्याने काय कळवलं मला माहीत नाही, पण जाणकार पुन्हा शिरा खायला आले नाहीत.

रविवारी सासूबाईंना बळेच आणून बसवावं लागलं. त्यांनी तळवा ठेवला. कर्णा पहिल्यासारखाच घणघणला, सासऱ्यांचा आवाज पहिल्यासारखाच गढूळ. मामांना तिसऱ्यांदा पुकारलं तशा त्या मानेनं माझ्याकडे खूण करून म्हणाल्या, “हिचा मामा लई आळशी.” नवरदेवाच्या वडिलांना पुकारलं आणि मांडव हसायच्या आधीच त्या हसल्या, खुर्ची हलेपर्यंत.

मग खट्ट झालं आणि खरखर सुरू झाली. नवऱ्याने मोबाईल बंद करायला हात पुढे केला. सासूबाईंचा तळवा अजून काठावरच होता.

“थांब, बंद करू नगं,” त्या म्हणाल्या. “मांडवात गेल्यात. यतील आता.”

मी नवऱ्याचा हात धरला. कॅसेट संपेपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.