लाभ, दोन, तीन, चार

संत्र्याच्या सालीचा वास लहान मुलांच्या तळहातांना किती मुरलेला असतो, हे मोर्शी-वरूडकडच्या शाळेत शिकवल्यावाचून कळायचे नाही. पौषातली थंड सकाळ असावी, व्हरांड्यात कोवळे ऊन उतरलेले असावे, आणि तिसरीच्या चाळीस मुलांनी एकदम टाळी वाजवावी. त्या टाळीबरोबर आंबटगोड, किंचित कडसर, डोळ्यांना हलकेच झोंबणारा तो गंध वर्गभर उसळतो. ताल चुकतो, पण गंध काही चुकत नाही! मला हा वास फार आवडतो, आणि तो आला की छातीत कुठेतरी बारीकसे दुखतेही. का दुखते ते सांगणार आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचे, आधीच कबूल करून टाकते, की मी मत्सरी बाई आहे.

षड्रिपूंच्या यादीत मत्सराला अगदी शेवटची जागा दिली आहे. तो सगळ्यांच्या मागून येतो आणि सगळ्यांत उशिरा जातो म्हणून असेल का? माझा मत्सर तर माझ्याबरोबरच वाढला. अकोल्याला एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचा गाण्याचा क्लास भरायचा. तेल्हाऱ्याहून शालू नावाची एक मुलगी एसटीने यायची. घरची कापसाची शेती; हंगामात तिच्या वेणीलासुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. मी बोटांच्या पेरांवर सोळा मात्रा मोजत, ओठ हलवत, घाम पुसत समेवर पोचायची, म्हणजे तालाचे आवर्तन जिथून सुरू होते त्या पहिल्या मात्रेवर. आणि ही बया खिडकीबाहेरच्या चिमण्या बघत बघत नेमकी तिथेच उतरायची! मग गुरुजी डोळे मिटून मान डोलवायचे. ती मान माझ्यासाठी कधीच डोलली नाही. माझ्या वाट्याला "बरोबर आहे" एवढेच यायचे. बरोबर असणे आणि सुंदर असणे यांत केवढे अंतर आहे, हे मला दहाव्या वर्षीच समजले होते.

म्हणूनच स्वरलिपी हाती आली तेव्हा मला केवढा आधार वाटला! समेखाली फुली, टाळी न देता सोडायच्या 'खाली'च्या मात्रेखाली शून्य, चार-चार मात्रांनंतर एक उभी रेघ. जे शालूच्या अंगात होते ते आता माझ्या वहीत होते. ती लिपीला कंटाळायची, रेघा वाकड्या काढायची. मी पट्टी लावून काढायची. पुढे मला परीक्षेत पहिला वर्ग मिळाला आणि ती लग्न होऊन गेली. ती आता गाते की नाही, ठाऊक नाही. एवढे मात्र सांगते, की ती गात नसावी असे माझ्या मनातल्या कुणाला तरी अधूनमधून वाटते.

असो. तर हा पट्टीने आखलेला ताल घेऊन मी अमरावतीहून आठवड्यातून दोनदा बसने या शाळेत येऊ लागले. संगीताचे दोन तास, तुटपुंजे मानधन, आणि भात्यातून वारा गळणारी एक पेटी. मुलांना केरवा शिकवायचा बेत केला. आठ मात्रांचा सरळ, साधा ताल: पहिल्या मात्रेवर टाळी, ती सम; पाचव्या मात्रेवर टाळी नाही, हात नुसता बाजूला उघडायचा, ती खाली. फळ्यावर फुली काढली, शून्य काढले. मुलांनी वहीत ते इतके सुबक उतरवले, की माझा जीव सुपाएवढा झाला. पण टाळी द्यायची वेळ आली की सगळा गोंधळ! खाली आली तरी वीस हात वाजायचे, सम आली की दहा झोपायचे. मोबाइलवर टिकटिक लावून पाहिली, तर मुले टिकटिकीलाच हसत बसली. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून स्पष्टच सांगितले, "मॅडम, सव्वीस जानेवारीले गावासमोर पोरायचं काही दिसू द्या. नाही तं हे दोन तास मी गणिताच्या सरावाले देऊन टाकतो." ते वाईट गृहस्थ नव्हेत. पण ते दोन तास गेले असते, तर माझ्याजवळ पट्टी आणि वही यांखेरीज काय उरले असते?

त्यात मुलांची एक खोड मला फार छळायची. मात्रा मोजायला सांगितल्या की ती "एक" म्हणतच नसत. "लाभ, दोन, तीन, चार" असेच सुरू करत. धान्याचे पहिले माप टाकताना, फळांची पहिली ओंजळ मोजताना आपल्याकडे जुनी माणसे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शुभ बोलून मोजणीला हात घालावा, एवढाच त्यातला भाव. मलाही तो ठाऊक होता. तरी माझ्या आखीव तालात तो शब्द मला गोणपाटाच्या ठिगळासारखा दिसायचा. "हे काय अडत्याचे दुकान आहे का? एक म्हणा, एक!" असे मी दरडावायची. मुले बिचारी "एक" म्हणत आणि लगेच चुकत.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच संत्र्यांचे आवार आहे. बागांतून ट्रॅक्टर येतात, बायका फळे निवडतात, क्रेटमध्ये भरतात आणि ट्रक निघून जातात. भिंतीत एक लहानसे फाटक होते. शाळा सुटली की आवारात काम करणाऱ्या बायकांची मुले त्यातून पलीकडे जाऊन आयांची वाट पाहत बसत. आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी मंदाबाईसुद्धा दुपारची भांडी झाली की तिकडेच कामाला जायची. पन्नाशीची, सडपातळ, तोंडाची फटकळ बाई. एकदा शाळा सुटल्यावर अमरावतीची बस चुकली म्हणून मी सहज त्या फाटकाशी गेले, आणि गेले नसते तर बरे झाले असते!

मंदाबाई क्रेट भरत होती. दोन्ही हातांत तीन-तीन फळे घेऊन ती अलगद सोडायची. "लाभ, दोन, तीन, चार." चार खेपांत एक थर झाला की हात रिकामे, मग त्याच लयीत क्रेटचे कान धरून हलवायची, फळे नीट बसावीत म्हणून, आणि म्हणायची, "बस बाई बस, बस बाई बस." पुन्हा लाभ. चार भरलेले, चार रिकामे. आणि माझी तिसरीची मुले, तीच माझी चुकणारी, झोपणारी, हसणारी मुले, समोर रिकामी क्रेट घेऊन खोट्याखोट्या फळांनी तेच करत होती. 'लाभ'वर सगळे तळहात खाली, 'बस'वर सगळे हात मोकळे! अगदी नेमका केरवा होता. तिला त्याचे नाव माहीत नव्हते, मुलांना फुलीची आठवण नव्हती, आणि एकही मात्रा सांडत नव्हती. गौरी नावाची एक चिमुरडी तर ट्रककडे पाहत पाहत समेवर येत होती. खिडकीतल्या चिमण्या पाहणारी शालूच जणू पुन्हा माझ्यापुढे बसली होती.

आनंद व्हायला हवा होता ना? तुम्ही असता तर तुम्हाला झाला असता. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. सहा महिने खडू झिजवून जे मला जमले नाही, ते एका स्वयंपाकीणबाईने क्रेट हलवता हलवता देऊन टाकावे! आणि मत्सर किती सभ्य कपडे घालून हिंडतो पाहा. पुढच्याच तासाच्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितले, "मुले मागच्या आवारात जातात, ट्रकांची ये-जा असते, काही झाले तर जबाबदारी कुणाची?" त्यातला शब्दही खोटा नव्हता. खोटे होते ते फक्त माझे मन. संध्याकाळच्या आत फाटकाला कुलूप लागले.

त्यानंतर मुले शहाण्यासारखी "एक" म्हणू लागली, आणि ताल पार मोडला. आवर्तन पुढे सरकेना. शाळा सुटल्यावर ती कुलपाशी जाऊन उभी राहत आणि गजांतून आपापल्या आयांना हाका मारत. गौरी तर टाळी द्यायचीच थांबली. नुसती वहीत फुल्या काढत बसायची, अगदी सरळ, पट्टी लावून. ते पाहून मला पहिल्यांदा माझी भीती वाटली. माझ्यासारखीच एक मुलगी मी घडवत होते.

सव्वीस जानेवारीला आठ दिवस उरले होते. मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. मंदाबाई तांदूळ निवडत होती. मी दाराशीच उभी राहिले, तर तीच म्हणाली, "बसा मॅडम. ते फाटक तुमी कावून बंद केलं, मले मालूम हाय." मी ट्रकांचे काहीतरी पुटपुटले. "ट्रक तं धा वर्सापासून येऊन राह्यले," ती म्हणाली, "तुमाले त्या दिवशी पाह्यलं म्या फाटकापाशी. तोंड उतरलं व्हतं तुमचं." तिच्या स्वरात राग नव्हता, याचाच मला अधिक राग आला! पण गरज माझी होती. मी म्हटले, "मंदाबाई, मुलांचा ताल गेला. वर्गात याल का?" तिने सूप खाली ठेवले. "येतो ना. पन पह्यले फाटक खोला. पोट्टे मायसाठी रडून राह्यले."

मुख्याध्यापकांकडे जाऊन ते कुलूप काढायला सांगणे माझ्या आजवरच्या कुठल्याही मैफलीपेक्षा अवघड गेले. त्यांनी कारण विचारले. मत्सर हा शब्द काही जिभेवर येईना. "मुलांच्या आया पलीकडे आहेत," मी म्हणाले, "एक मोठे माणूस फाटकाशी उभे करू, मी स्वतः उभी राहीन." कुलूप निघाले, आणि सरावासाठी रोज येत होते त्या आठवड्यात माझ्या चार बस चुकल्या.

मंदाबाई वर्गात आली ती रिकामे क्रेट डोक्यावर घेऊनच. तिने ते टेबलावर ठेवले, पदर खोचला, "लाभ" म्हटले मात्र, आणि चाळीस हात एकदम पडले. वर्गात पुन्हा तो गंध उसळला. मी पेटी धरली. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मी बनवलेले स्वागतगीत त्या लयीवर जाऊन बसले, थरावर थर बसावा तसे. तास संपल्यावर मंदाबाई फळ्याजवळ गेली. "हे काय लिहेल हाय?" तिने विचारले. मी सांगू लागले, पण तिने हातानेच थांबवले आणि फुलीवर बोट ठेवले. "हा लाभ?" मी मान हलवली. शून्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "अन् हा रिकामा हात." "बाप्पा! माहं काम असं दिसते काय लिहेल?" असे ती म्हणाली, आणि तिने ते बोट पदराला पुसले नाही, खडू लागलेले तसेच राहू दिले.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला, गाव सतरंजीवर बसले आणि तिसरीची मुले उभी राहिली. तुम्हाला वाटेल, त्यांचे डोळे माझ्याकडे होते. छे! चाळीसही जण स्वयंपाकाच्या शेडकडे पाहत होते, जिथे मंदाबाई हातात झारा घेऊन उभी होती. पहिली सम आली, दुसरी आली, सगळ्या आल्या. खालीला चाळीस तळहात उन्हात उघडले. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक खुशीत येऊन माइकवर म्हणाले, "हे कोनं शिकवलं रे?" आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "मंदाबाईनं!" लोक हसले. माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. "मंग मॅडमनं काय शिकवलं?" त्यांनी थट्टेने विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. माझे दोन तास त्या प्रश्नाला लोंबकळत होते. मग गौरीचा बारीक आवाज आला, "मॅडमनं लिहाले शिकवलं. आता मंदाबाई गावाले गेली तरी जमते आमाले."

माझे दोन तास राहिले. पण खरे सांगू? त्या क्षणी ते माझ्या ध्यानातही नव्हते. शालू खिडकीतून चिमण्या बघत समेवर उतरायची; ती गेली आणि तिच्याबरोबर तिची सम गेली. ती मी लिहून ठेवू शकले असते. माझ्याजवळ वही होती, पट्टी होती, सगळे होते. मी फक्त तिच्याकडे जळत बघत राहिले.

यंदा नवी तिसरी आली आहे. मी फुली काढते आणि मुलांना म्हणते, "म्हणा, लाभ." ती माझ्याकडे पाहून टाळी देतात, गंध उसळतो, आणि छातीत तेच जुने, बारीकसे दुखते. ते जाईल असे मला वाटत नाही. तास झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. पलीकडे मंदाबाई क्रेट भरत असते. मी तिच्या हातांकडे जळते, वही उघडते, आणि लिहून घेते.